निफाडच्या थंडीत घरात आणि पहाटे सायकलवर ऊब कशी राखावी?

तुमची बदली निफाडला झालीय, पहाटे सहाला सात किलोमीटर सायकल मारावी लागते, हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात आणि रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

शेगडीचं आधी. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत अजिबात ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते अंगणात. रात्री अंगावर तिसरी गोधडी घेण्याआधी एक अंगाखाली अंथरा, फरशीचा गारवा खालूनच चढतो. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, टॉवेलात गुंडाळून. दुपारचं ऊन आत येऊ द्या आणि उन्हं कलली की खिडक्या लावून घ्या.

आता सायकल. मी बारा हिवाळे याच तालुक्यात सायकल चालवतोय. इथं पारा पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. सायकलवर त्यात वाऱ्याची भर पडते. पाच अंशांत ताशी वीसच्या वेगानं गेलात तर अंगाला जेमतेम एक अंश असल्यासारखं लागतं. लोकरीच्या हातमोज्यांतून हा वारा आरपार जातो. एकदा लासलगाव रस्त्यावर कांद्याचा ट्रॅक्टर समोर अचानक वळला. बोटं ब्रेकवरच होती, पण दाबली जाईनात. थोडक्यात वाचलो. तेव्हापासून लोकरीच्या हातमोज्यांवर मोटरसायकलवाले घालतात ते रेक्झिनचे हातमोजे चढवतो, एक माप मोठे. घट्ट झाले तर बोटांपर्यंत रक्त पोचत नाही आणि घातल्याचा उपयोग नाही.

छातीलाही वाराच अडवायचा. दोन स्वेटर नकोत, एक स्वेटर आणि वर विंडचीटर. तो मिळेपर्यंत स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवा, खरंच फरक पडतो. आत सुती बनियन घालू नका, घामानं भिजलं की वाळत नाही आणि थांबल्यावर गार चिकटतं. खेळाडूंचा पातळ टी-शर्ट बरा. निघताना थोडं कुडकुडायला हवं, दुसऱ्या किलोमीटरला अंग तापतंच. माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, त्यापेक्षा कानपट्टी घ्या.

पोचल्यावर बधिर बोटं कढत पाण्यात घालू नका, चटका कळत नाही. काखेत दाबून धरा. आधी कळा येतील, मग हळूहळू जाग येईल.