मुलीचे खालचे दात वरच्या दातांमागे पूर्ण लपतात. हा डीप बाइट का? तारा लावाव्या लागतील का?

मुलगी 11 वर्षांची, वरचे दात सरळ, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात वयात आली की होईल बरोबर, असं तुम्ही सांगता. मी कुडाळकडे दातांचा दवाखाना चालवतो. डीप बाइट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना गरजेपेक्षा जास्त झाकतात तो दोष, सहसा दुखत नाही, वरून दात सुरेख दिसतात, म्हणून त्याची तक्रार घेऊन कोणी येतच नाही. किडलेली दाढ दाखवायला येतात, तेव्हा तो मला दिसतो.

तुम्ही घरी बघा. तिला आवंढा गिळायला सांगा, दाढेवर दाढ टेकली की ओठ बोटांनी बाजूला करा. खालच्या पुढच्या दातांचा वरचा एक तृतीयांश भाग झाकला तर ठीक. अर्ध्याहून जास्त झाकला तर दाखवून घ्या. मग 'आ' करायला लावून टॉर्चने टाळू बघा. वरच्या दातांमागे हिरडीवर खालच्या दातांचे वळ असतील तर मात्र थांबू नका.

हे बरेचदा घराण्यातून येतं. पण दुधाच्या दाढा लवकर काढल्या तर खालचे पुढचे दात आत कलतात आणि बाइट खोल जातो. 'दुधाचीच आहे, काढून टाका डॉक्टर' हा हट्ट मला कधीच पटत नाही.

उपचार कारणावर ठरतो, त्यासाठी बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉक, म्हणजे जबडा पुढे आणणारं तोंडात घालायचं उपकरण, पण वाढ चालू आहे तोवरच. मुलींची वाढ पाळी सुरू झाली की मंदावते, म्हणून वाट बघण्याचा सल्ला इथे उलटा आहे. जबडा ठीक असेल तर वरच्या दातांमागे टाळूवर बसणारी बाइट प्लेट: खालचे पुढचे दात तिच्यावर टेकतात, दाढा मोकळ्या राहून हळूहळू वर येतात. पुढे बहुधा तारा, साधारण दीड-दोन वर्षं. मोठ्या माणसांत छोटे स्क्रू लावून पुढचे दात हाडात दाबावे लागतात, जबड्याचाच दोष मोठा असेल तर शस्त्रक्रिया.

ऑर्थोडॉन्टिस्टच गाठा, म्हणजे वाकडे दात आणि जबडा सरळ करण्याच्या विषयात एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेला. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे. पहिला सल्ला तिथे घ्यायला हरकत नाही. पण तारा महिना-दीड महिन्याला तपासाव्या लागतात, दर वेळी मुंबईला जायला कोकणकन्या एक्सप्रेस कोण पकडणार? जवळ कुठे ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक वारी येतो का, विचारा.

तारा असेपर्यंत जत्रेतलं कडक खाजं आणि दातांनी कुरल्यांचे (खेकड्यांचे) डेंगे फोडणं बंद. त्या निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण, डॉक्टर सांगतील तेवढा काळ घालायचं, नाहीतर बाइट पुन्हा खोल जातो.