इथेनॉलची डिस्टिलरी आणि भर हंगामात फिरलेला नियम

तुमचे दोन प्रश्न आहेत. सरकारने साखर धंद्यातून अंग काढून घेतलं तर इथेनॉलचं तंत्रज्ञान आणखी झपाट्याने वाढेल का, आणि तुमच्या कारखान्याने आत्ता डिस्टिलरीची क्षमता वाढवावी का. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यावरून सांगतो. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला तेल कंपन्यांसारखं गिऱ्हाईकच मुळात सरकारी धोरणाने मिळवून दिलं. पूर्वी आम्ही साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीचं, म्हणजे सी हेवीचं अल्कोहोल करायचो. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर बी हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते ती) आणि थेट उसाचा रस यांचीही वाट मोकळी झाली आणि प्रत्येकाला वेगळा दर बांधून मिळाला. 2022-23 मध्ये सी हेवीच्या इथेनॉलला लिटरला 49.41 रुपये, बी हेवीच्या 60.73 आणि रसाच्या 65.61. एक टन उसाच्या रसातून थेट साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायची असा कायदा. साखर मात्र महिन्याच्या कोट्यानेच विकायची. अशा वेळी तेल कंपन्यांकडून वेळेवर येणारा पैसा म्हणजे कारखान्याला केवढा आधार, हे ज्याने थकलेली बिलं मागायला आलेले शेतकरी पाहिलेत त्यालाच कळेल.

स्पेंट वॉशचंही तेच. अल्कोहोल काढल्यावर उरणारं हे सांडपाणी आवाराबाहेर थेंबभरही जाऊ द्यायचं नाही, अशी अट प्रदूषण मंडळाने घातली नसती तर ते आटवून बॉयलरमध्ये जाळणारी महागडी यंत्रणा कुठल्या संचालक मंडळाने आपणहून बसवली असती? मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खालच्या अंगाच्या ओढ्याला काळं पाणी यायचं. आज त्याच स्पेंट वॉशवर वाफ होते आणि राखेतून पोटॅश मिळतं. कडक अटीने तंत्र पुढे गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घात होतो तो नियम मध्येच फिरला की. 2023 मध्ये पाऊस ओढला, साखर कमी पडणार असं दिसू लागलं आणि 7 डिसेंबरला केंद्राने उसाचा रस आणि सिरप (आटवलेला रस) इथेनॉलला वापरायला बंदी केली. इथेनॉलचं वर्ष 1 नोव्हेंबरला सुरू झालेलं, कारखाने जोरात, करार झालेले. आठवड्याभरात, 15 तारखेला, 17 लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवायच्या मर्यादेत सूट मिळाली, पण तोवर सगळं नियोजन कोलमडलं होतं. बी हेवीच्या टाक्या भरून राहिल्या. मळी फार दिवस साठली की तापते, फेसाळते, तिच्यातली साखर मरते; रात्री-अपरात्री टाक्यांवर पाणी मारत बसलेली माणसं मला अजून आठवतात. बंदी पुढच्या वर्षासाठी उठली ती ऑगस्ट 2024 मध्ये. दरम्यान 2023-24 मध्ये धान्याच्या, मुख्यतः मक्याच्या, इथेनॉलने उसाला मागे टाकलं होतं.

साखर स्वस्त ठेवायची ही सरकारची काळजी मला खोटी वाटत नाही. पण डिस्टिलरीचं कर्ज अनेक वर्षांचं असतं आणि नियम एका हंगामातही टिकला नाही. त्यात एफआरपी 2018-19 ला क्विंटलला 275 रुपये होती, ती 2024-25 ला 340 झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र 2019 पासून त्या हंगामापर्यंत किलोला 31 रुपयांवरच राहिली. (एफआरपी ज्यावर ठरते तो पायाभूत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, मधल्या काळात 10 वरून 10.25 टक्के झाला, म्हणजे वाढ वरवर दिसते तितकीही नाही.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. फक्त रस-सिरपवर चालणारी वाढ करू नका. मार्च 2025 मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना मका आणि खराब धान्यावरही चालेल अशी डिस्टिलरी करण्यासाठी व्याज सवलतीची योजना आणली, ती आधी नीट वाचा. मात्र धान्याला दळण, शिजवण आणि वेगळे एन्झाइम लागतात, सुका चोथा विकायला पशुखाद्याचं गिऱ्हाईक लागतं, आणि तुमच्या भागात मका कुठून व कोणत्या भावाने येणार हेही पाहावं लागतं. प्रकल्प अहवालात रसावर बंदी आलेल्या एका पूर्ण वर्षाचा ताळेबंद वेगळा मांडून मागा. त्या वर्षीही कर्जाचा हप्ता निघत असेल तरच सभेत हात वर करा.