रहस्यकथा अर्ध्यात सोडताना

सगळे डोक्यावर घेतायत म्हणून ती कादंबरी तू संपवलीच पाहिजेस, असं काही नाही. शंभरेक पानं झाली, खून पडला, तरी खुनी कोण याचं तुला सोयरसुतक नसेल तर खुशाल मिटून ठेव.

फक्त एक बघ: पुस्तक संथ आहे की लबाड? संथ असेल तर अजून दोन प्रकरणं दे. काहींना जम बसायला वेळ लागतो. लबाडी मात्र वेगळी. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यात गुन्हेगार कथेत लवकर यावा आणि गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसावा, असं आहे. पठ्ठ्या चिठ्ठी वाचून गालात हसतो आणि मजकूर तुझ्यापासून लपवतो? तिथेच सोड. नियम मोडूनही झकास लिहिणारे आहेत म्हणा, पण थोडेच.

शेवटचं पान बघायचा मोह झाला तर बघ, मीही बघतो. विकतचं पुस्तक सोडताना जीव तुटतो, पण पैसे तर गेलेच आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलं असशील तर लगेच परत कर आणि येताना रहस्यकथांचा एखादा पातळ संग्रह घेऊन ये.