आधी कर्सर, मग चित्र

अरे, कॅल्क्युलेटरवर चित्र काढायचा प्रोग्रॅम लिहायचाय ना तुला? मग पहिल्याच दिवशी गोल काढणं नि रंग भरणं कशाला? काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या टीआय-८४ प्लस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतून ठिपक्यांच्या ६३ ओळी नि ९५ रकाने एवढंच हाती येतं. आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर घरं भरून काढतात ना, अगदी तसंच समज.

सगळा जीव कर्सरमध्ये, म्हणजे बाणांच्या कळांनी पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यात आहे. कर्सर दाखवायला ‘पिक्सेल-चेंज’ ही आज्ञा वापर: एकदा केलं की ठिपका उलटतो, पुन्हा केलं की होता तसा होतो, त्यामुळे खालचं चित्र बिघडत नाही. मात्र त्या आज्ञेत आधी ओळ लिहायची, मग रकाना. ओळ वरून शून्यापासून मोजायची. मी हे उलटं लिहून अख्खी रविवारची दुपार घालवली होती, चहाही गार झाला!

‘गेट-की’ ही आज्ञा दाबलेल्या कळेचा क्रमांक देते: खालचा बाण ३४, वरचा २५, डावा २४, उजवा २६. कर्सरला कडेला अडवायला विसरलास तर डोमेन एरर, म्हणजे आकडा हद्दीबाहेर गेल्याची चूक, ठरलेली.

चित्र जतन करायला ‘स्टोअर-पिक’ ही आज्ञा, चित्रांसाठी जागा दहाच. त्याआधी कर्सर पुसून घे, नाहीतर तोही चित्रात जाऊन बसेल. आलेखाच्या अक्षांचंही तेच, ते सुरुवातीलाच बंद कर.