इंग्लंडमध्ये गॅस-विजेची कंपनी बदलल्यावर जुन्या कंपनीकडे अडकलेले पैसे परत कसे मिळवावेत? त्यासाठी भांडत बसण्यात अर्थ आहे का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की कंपनी बदलून तीन महिने झाले, जुन्या खात्यात १८६ पौंड जमा दिसतात, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळतं, आणि मित्र म्हणतात की एवढ्याशा पैशासाठी कशाला डोक्याला ताप, सोडून दे.

ते "सोडून दे" वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. हेच दोन शब्द मला २०२२ साली माझ्या साडूंनी ऐकवले होते. मी मनावर घेतले असते तर १,८१२ पौंडांवर पाणी सोडलं असतं.

आधी तुमचं काम. कंपनी बदलल्यापासून सहा आठवड्यांत जुन्या कंपनीने शेवटचं बिल द्यायचं, आणि बिल निघाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत तुमची शिल्लक परत करायची, असा ऑफजेमचा, म्हणजे इथल्या गॅस-वीज कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. तुमच्या बाबतीत दोन्ही मुदती कधीच टळल्यात. मुदत टळली की भरपाई द्यावी लागते. माझ्या वेळी ती ३० पौंड होती, नंतर वाढवली. कागदावर ती आपोआप मिळते. माझा अनुभव असा की मागितली की आपोआप मिळते. फोन बंद करा. ईमेल लिहा, त्यात "ही माझी औपचारिक तक्रार आहे" हे वाक्य असू द्या, आणि पाठवल्याची तारीख कॅलेंडरवर टाका. त्या तारखेपासून आठ आठवड्यांत सुटलं नाही, किंवा आमच्याकडून आता काही होणार नाही असं डेडलॉक पत्र त्यांनी दिलं, की एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि गॅस-वीज कंपनीच्या भांडणाचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जायचं. फुकट आहे. तिथला निकाल तुम्ही मान्य केला की कंपनीवर बंधनकारक होतो. (याला मराठीत लोकपाल म्हणायचं, पण लोकपाल म्हटलं की मला रामलीला मैदान आणि अण्णांचं उपोषण आठवतं. इथे उपाशी राहावं लागत नाही, फॉर्म भरावा लागतो.)

आता माझं.

आम्ही कॉव्हेंट्रीत २०२० च्या ऑक्टोबरात एक जुनं टेरेस घर (गच्चीचं नव्हे, रांगेत भिंतीला भिंत लागून असतं ते) घेतलं. पहिल्या हिवाळ्यापासून गॅसचं बिल जरा जास्तच वाटायचं. पण तेव्हा युनिटला तीन पेन्सच्या आसपास दर होता, त्यामुळे जास्त म्हणजे बोचण्याइतकं जास्त नव्हतं. घर जुनं, खिडक्यांतून वारा येतो, असेल बुवा. २०२१ च्या वसंतात साडूंनी दुसरी कंपनी सुचवली, स्वस्त होती, बदलली. बिल तसंच. मग २०२२ उजाडलं आणि दर कुठल्या कुठे गेले. ऑक्टोबरात गॅसचं युनिट दहा पेन्सच्या वर होतं, आणि आमचं डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून दरमहा आपोआप जाणारी बिलाची रक्कम, २९० वरून ४१० पौंडांवर नेल्याचा ईमेल आला.

त्याच नोव्हेंबरात आमची धाकटी झाली. बाळंतपणासाठी आई सांगलीहून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, बॅगेत अर्धे डिंकाचे लाडू आणि अर्धा ओवा. आणि मी, तिचा इंजिनिअर मुलगा, हीटिंग सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास असं टायमरवर लावून ठेवलं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथे कडाक्याची थंडी पडली. आई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून स्वयंपाकघरात गॅसजवळ बसायची, कारण घरात तेवढीच ऊब. बाळंतिणीला शेक हवा, बाळाला धुरी हवी. धुरी दिली तर स्मोक अलार्म बोंबलला आणि शेजारची म्हातारी दार वाजवायला आली. मग गरम पाण्याच्या पिशव्यांवर भागवलं. बायको काही बोलली नाही, पण ती ज्या पद्धतीने काही बोलली नाही ते लग्न झालेल्यांना कळेल.

मी साडूंना फोन केला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, एडिनबरोला बँकेत आहेत, या देशात माझ्या आधी बारा वर्षं आलेले, त्यामुळे इथलं सगळं त्यांना माहीत. म्हणाले, "अरे, इथे आपल्याकडल्यासारखं नसतं. सिस्टीम चुकत नाही. तुम्ही लोक घरात टी-शर्टवर फिरता, म्हणून बिल येतं." तिकडे आई कानटोपीत. मी म्हटलं, तक्रार करू का? तर म्हणाले, "सोडून दे. उलट मागचं काढून वसूल करतील, क्रेडिट स्कोअर खराब होईल ते वेगळंच."

मी सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा सोडूनच दिलं होतं.

एका संध्याकाळी मी बिल डोळ्यांसमोर धरून बसलो असताना आई मागून डोकावली. इंग्रजी तिला येत नाही, पण बिल हे बिल असतं. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "ह्याच्यावर मीटरचा फोटो कुठाय रे?"

ज्यांनी महाराष्ट्रात लाइट बिल भरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बिलाच्या कोपऱ्यात मीटरचा तो काळपट फोटो छापलेला असायचा, आणि आमच्या गल्लीतल्या बायका बिल आलं की आधी फोटो बघायच्या, मग आकडा. फोटोत काही दिसत नसेल तर तडक ऑफिसात जायच्या. मी म्हटलं, आई, इथे फोटो नसतो. ती म्हणाली, "मग तू कशावरून पैसे भरतोस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि लाजेची गोष्ट पुढे आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. एका फॅक्टरीत फ्लो मीटर कॅलिब्रेट करतो, पोटापाण्याचा धंदाच तो. रीडिंग घ्यायला जिन्याखालच्या कपाटात मी डझनभर वेळा वाकलो असेन, पण आकडे सोडून त्या मीटरवर दुसरं काही वाचलं नव्हतं.

मोबाइलची बॅटरी लावून नीट बघितलं. मीटरवर पाच काळे आकडे, पुढे तीन लाल, आणि शेजारी एम, त्याच्या डोक्यावर बारीक तीन. म्हणजे घनमीटर. मग बिलाचं शेवटचं पान, जे कोणीच वाचत नाही, ते वाचलं. तिथे हिशेब दिलेला असतो: वापर, गुणिले २.८३, गुणिले १.०२२६४, गुणिले गॅसचं उष्मांक मूल्य, भागिले ३.६. ते २.८३ बघून मी तिथेच जिन्यावर बसलो.

या देशात जुने गॅस मीटर शंभर घनफुटांत मोजतात आणि नवे घनमीटरमध्ये. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. मीटर जुना असेल तरच २.८३ ने गुणायचं. एका घनमीटरचे साधारण अकरा युनिट होतात, शंभर घनफुटांचे एकतीस-बत्तीस. आमच्या आधीच्या मालकाने कधीतरी मीटर बदलून घेतला होता आणि नोंद जुनीच राहिली होती. ही नोंद एका कंपनीची नसते. मीटर पॉइंटच्या नंबरावर, म्हणजे एमपीआरएनवर, मध्यवर्ती यादीत असते आणि नवी कंपनी तिथूनच उचलते. म्हणून कंपनी बदलूनही फरक पडला नाही.

स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून ताळा करून बघितला. मीटर दिवसाला चार आकडे सरकत होता. बिलाप्रमाणे ते होतात १२७ युनिट. आमचा बॉयलर २४ किलोवॅटचा, म्हणजे पूर्ण आचेवर तासाला चोवीस, फार तर थोडे जास्त. १२७ युनिट खायला त्याला सव्वापाच तास भकाभका पेटावं लागेल. आमच्याकडे हीटिंगचे तीन तास, वर आंघोळीचं पाणी आणि दोन वेळचा स्वयंपाक. बसतच नाही. घनमीटर धरून केलं तर ४५ आले. बसलं.

त्या रात्री मी हीटिंग चालू केलं ते सकाळपर्यंत बंद केलं नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगताना माझा आवाज नीट निघेना.

पुढची लढाई थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि कंटाळवाणी असणं हेच तिचं शस्त्र आहे. चालू कंपनीने मीटरचा फोटो मागितला, तो दिला. मग परत मागितला. मग "तज्ज्ञ टीमकडे पाठवलंय". सात आठवड्यांनी चूक मान्य केली आणि १,४६५ पौंड खात्यात जमा दाखवले. बँकेच्या नव्हे, त्यांच्याच खात्यात. "पुढच्या हिवाळ्यात उपयोगी पडतील," म्हणे. माझे पैसे मी कुठे ठेवायचे हे किराणा दुकानदार सांगतो का? बँकेत परत द्या म्हणून लिहिलं, आले.

जुनी कंपनी मात्र तुमच्यासारखीच. "तुम्ही आता आमचे ग्राहक नाही, त्यामुळे सिस्टीममध्ये तुमचं खातं उघडत नाही." पैसे घेताना उघडत होतं. ३४७ पौंडांचा प्रश्न होता. आठ आठवडे भरले त्याच दिवशी ऑम्बुड्समनकडे गेलो: दोन फोटो, सगळी बिलं, आणि एका पानावर तारीखवार काय घडलं ते. निकाल माझ्या बाजूने लागला, पैसे आले, सोबत माफीचं पत्र. ते पत्र मी साडूंना व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

तेव्हा, साडूंचे मुद्दे एकेक करून घेतो, कारण तुमचे मित्रही हेच सांगत असणार.

"मागचं काढून वसूल करतील." कंपनीच्या चुकीमुळे बिल द्यायचं राहून गेलं असेल तर बारा महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे ती घरगुती ग्राहकाकडून मागू शकत नाही. २०१८ पासून हा नियम आहे. उलट आपण जास्त भरलेले पैसे आपण सहा वर्षं मागे जाऊन मागू शकतो. तराजू आपल्या बाजूला झुकलेला आहे आणि घाबरतोय कोण, तर आपण.

"कंपनी बदलली की लगेच डायरेक्ट डेबिट रद्द कर." हाही त्यांचाच सल्ला, आणि २०२१ मध्ये मी तो पाळला. शेवटचं बिल येऊन हिशेब पूर्ण होईपर्यंत रद्द करू नका. शिल्लक बहुतेक त्याच रस्त्याने परत येते, आणि रस्ताच खणून ठेवलात तर त्यांना "प्रोसेस" म्हणायला कारण मिळतं. तुम्ही रद्द केलं असेल तर बँकेचा तपशील ईमेलमध्ये लेखी द्या. तुमचं घोडं इथेच अडलंय असा मला दाट संशय आहे.

"सिस्टीम चुकत नाही." मी सिस्टीमच दुरुस्त करतो, मला सांगू नका. गावाकडे पन्नास रुपये जास्त लागले तर वायरमनला घरी बोलावून भांडणारी आपली माणसं इथे आली की बिलाला वेदवाक्य समजतात. छापील आहे, इंग्रजीत आहे, म्हणजे खरं.

बदलीच्या दिवशीचा मीटरचा फोटो तुमच्याकडे आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या कंपनीचं शेवटचं रीडिंग आणि नवीचं पहिलं रीडिंग एकच असायला हवं. नसेल तर १८६ हा आकडाच बदलू शकतो, आणि कमीही होऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. बिलावर रीडिंग अंदाजे लिहिलंय की प्रत्यक्ष तेही बघा. स्मार्ट मीटर असला म्हणून निर्धास्त राहू नका, तोही कधीकधी मुका होतो आणि मग कंपनी अंदाजच लावते.

आई जानेवारीत परत गेली. पुन्हा ये म्हटलं की म्हणते, "नको बाबा, फार थंडी तिथं." आता घर गरम असतं हे फोनवर सांगून पटत नाही.

एक राहिलं. वरचे नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे आहेत, उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा. आणि सहा वर्षांची मुदत इंग्लंड-वेल्सपुरती. स्कॉटलंडमध्ये पाचच वर्षं मिळतात. एडिनबरोतल्या जुन्या दगडी इमारतीत राहणारं, अजून जिन्याखालच्या कपाटात न वाकलेलं कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.