22 वर्षांनी पेटी उघडलीत, तर आधी सूर बदलून बघा

ताई, तुम्ही लिहिलंत की घरी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, भूप राग व्यवस्थित वाजतो, पण नागपूरच्या महाल भागातल्या भजनी मंडळात बसलं की बोटं थिजतात. 22 वर्षांनंतर आता हे जमेल का? जमेल. मी 51 व्या वर्षी पेटीकडे परतलो, तेव्हा माझंही हेच झालं होतं आणि मी ते भीतीवर ढकललं होतं. खरं कारण निघालं स्वरपट्टी, म्हणजे कुठल्या पट्टीला ‘सा’ धरायचा ते.

घरी तुम्ही काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून वाजवता. त्यात भूपाचा फक्त गांधार (ग) पांढऱ्या पट्टीवर येतो, बाकी सगळे स्वर काळ्यांवर. मंडळातल्या बायका काळी चारमध्ये उचलत असतील, तर गांधार आणि धैवत (ध) दोन्ही पांढऱ्यांवर येतात. कानाला चाल तीच, पण हाताखालची वाट बदललेली. हात अडला की आपण समजतो, घाबरलो. म्हणून एकच भजन रोज वेगळ्या सुरातून काढा. पांढरी एकमध्ये भूप पूर्ण पांढऱ्यांवर येतो, काळी तीनमध्ये पूर्ण काळ्यांवर. सुरुवात या दोन सोप्या घरांपासून करा. मग काळी चार. मला एका सुरातून दुसऱ्यात निवांत जायला दोनेक महिने लागले, रोज अर्धा तास बसून.

पेटीही तपासून घ्या. आपल्याकडचा मे महिना लाकूड, चामडं सगळं सुकवतो. एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात सोडा. हवा लगेच ओसरली तर कुठेतरी गळती आहे. दुरुस्तीला द्या, उगाच डाव्या हाताचा जीव काढू नका. आणि पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका. तिथे पट्ट्या फुगून अडकतात.

आता चुकांबद्दल. घरी चुकलं की आपण थांबतो, मागे जातो, दुरुस्त करतो. बोटांना तीच सवय लागते आणि मंडळात भजन काही आपल्यासाठी थांबत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी तबल्याचं अॅप लावून भजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. चुकलं तर उजवा हात उचला, भाता चालू ठेवा आणि पुढच्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, षड्जावर (सा) या. गाणारीच्या प्रत्येक हरकतीमागे, म्हणजे गळ्यातल्या छोट्या सजावटीमागे, धावू नका. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दूर ठेवलं, त्यामागे हाही एक आक्षेप होता. गाणारी ज्या स्वरावर थांबते, तो स्वर भरून द्या. गाणाऱ्याला त्याचाच खरा आधार वाटतो.

या खेपेला सगळी भजनं अंगावर घेऊ नका. आधीच सांगून ठेवा, ‘शेवटची आरती पेटीवर मी घेते.’ आरतीची चाल सगळ्यांच्या तोंडात असते, टाळ-झांजा चालू असतात. तुमची ओळ सुटली तरी ती पुढे जाते आणि तुम्हाला ध्रुवपदावर परत शिरता येतं. फक्त निघण्याआधी त्यांचा सूर विचारून घ्या.