16 जीबी रॅम असूनही माझा प्रोग्राम दीड-दोन जीबीला पोचला की 'आउट ऑफ मेमरी' देऊन बंद पडतो. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त किती मेमरी वापरता येते?

तुमचा प्रोग्राम 32-बिट आहे, पैज लावा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबवर प्लॅटफॉर्म हा कॉलम लावून बघा. 32-बिट निघाला तर रॅम 16 जीबी असो की 64, काडीचा फरक पडणार नाही. 32 बिटांत मेमरीच्या 4 जीबीचेच पत्ते मावतात. त्यातले 2 जीबी विंडोज स्वतःकडे ठेवतं, उरलेले 2 तुमचे. गावठाणात प्लॉटच शिल्लक नसतील तर ट्रकभर विटा आणून करणार काय?

एवढं साधं गणित आमच्या सरांच्या गळी कधी उतरलं नाही. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी होतो. ऊस बिलांचा प्रोग्राम जावामध्ये होता आणि चालायचा 32-बिट विंडोज सर्व्हर 2003 वर. डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत. हंगाम फेब्रुवारीकडे सरकला की पंधरवड्याची बिलं काढताना हमखास मान टाकायचा. कारण उघड होतं. सरांनी स्वतः लिहिलेला तो कोड गाळप सुरू झाल्यापासूनच्या काट्याच्या सगळ्या पावत्या एका लिस्टमध्ये भरायचा, वर प्रत्येक पावतीबरोबर त्या शेतकऱ्याची अख्खी कुंडली: गट, प्लॉट, सोसायटीची कपात, तोडणी-वाहतूक. एवढं सगळं पोटात घेतल्यावर मग पहिल्या बिलाला हात.

हीप, म्हणजे जावा प्रोग्रामला डेटा ठेवायला मिळणारी मेमरी, 1400 एमबी दिली होती. सर 2 जीबी करून बघा म्हणाले, तर जावा सुरूच होईना. 'कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस फॉर ऑब्जेक्ट हीप'. कारण जावाला हीपसाठी पत्त्यांचा सलग पट्टा लागतो आणि त्या 2 जीबीत मध्येमध्ये डीएलएल (प्रोग्रामबरोबर लोड होणाऱ्या तयार कोडच्या फायली) ठाण मांडून बसलेल्या असतात. पुढे कुणीतरी सर्व्हरवर नवा अँटीव्हायरस टाकला, त्याची डीएलएल नेमकी मधोमध येऊन बसली, आणि आदल्या दिवशी चालणारे 1400 सुद्धा मिळेनात. तिकडे हेड अकाउंटंटचे फोनवर फोन.

सरांचा निकाल ठरलेला: "रॅम स्वस्त आहे, प्रोग्रामरचा वेळ महाग." 4 जीबीची 8 जीबी केली. एरर तीच, जागा तीच. शेवटी मी तो लूपच बदलला. पावत्या शेतकऱ्याच्या कोडनुसार लावून घ्यायच्या, एका शेतकऱ्याच्या तेवढ्या वाचायच्या, बिल लिहायचं, सोडून द्यायच्या, पुढचा. मेमरी 200 एमबीच्या वर गेली नाही. आणि सरांनी कारखान्याला मेल काय पाठवला? "रॅम वाढवल्याने अडचण दूर झाली आहे."

असो. तुम्ही प्रोग्राम कशात लिहिलाय ते सांगितलं नाहीत. डॉटनेट असेल तर प्रोजेक्टच्या बिल्ड सेटिंगमध्ये 'प्रेफर 32-बिट' वर टिक असेल, ती काढा. सी++ असेल तर लिंकरला 'लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर' सांगा, 64-बिट विंडोजवर त्याच 32-बिट प्रोग्रामला पूर्ण 4 जीबी मिळतात. जावा असेल तर 64-बिट टाका. पण हीप किती ते स्वतः सांगा, नाहीतर ती रॅमच्या साधारण पाव हिश्शावर थांबते, म्हणजे तुमच्याकडे 4 जीबी. 64-बिट प्रोग्रामला विंडोज 8.1 पासून कागदोपत्री 128 टीबी आहेत. खरी मर्यादा रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) एवढीच. लिनक्सचा हात सढळ असतो, बहुतेकदा मागाल तेवढी देतो, पण खरंच संपली की सरळ प्रोग्रामचाच गळा धरतो.

हो, एक राहिलं. एखादी जुनी 32-बिट डीएलएल वापरत असाल तर ती 64-बिट प्रोग्राममध्ये लोड होणार नाही, ते आधी तपासा. आणि काही कामांना सगळा डेटा एकदम लागतोच, तिथे रॅम घ्या, माझी ना नाही. ऊस बिल त्यातलं काम नव्हे.

आणि सर, चुकून हे वाचत असाल तर: 32-बिट सर्व्हर 2003 ची स्टँडर्ड आवृत्ती, जी तिथे होती, तिला 4 जीबीच्या पलीकडची रॅम दिसतच नाही. बिल मात्र कारखान्याने पूर्ण भरलं.